सहा किरणांच्या कृत्तिका

मिलुतिन मासिक घेऊन टेकडीवर आला तेव्हा वुकोसावा वेधशाळेच्या सरकत्या छपराच्या रुळाशी पालथी पडून चाकांना ग्रीस लावत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. म्हणून मिलुतिननेच पान उघडून तिच्या नाकासमोर धरलं आणि धरताना स्वतः खाली दरीकडे बघत राहिला. तिथेच तिला शंका यायला हवी होती. तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेला, गावच्या खगोल क्लबचा सचिव, वर तिच्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे घरातलाच माणूस. असा माणूस डोळ्याला डोळा देत नाही तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं.

मासिकाच्या मधल्या दोन पानांवर कृत्तिका होत्या. निळ्या धुळीचा पदर ओढून बसलेल्या सगळ्या जणी, आणि त्या पदराचा धागा न् धागा दिसत होता. राजधानीतल्या खगोल मासिकाच्या वार्षिक स्पर्धेत पहिला आलेला फोटो. खाली छापलं होतं : ‘छायाचित्र – डॉ. तिहोमिर. दुर्बीण – स्वतःची.’

“हा माझा फोटो आहे,” वुकोसावा म्हणाली.

“हो,” मिलुतिन म्हणाला.

“हो काय? तुला माहीत होतं?”

“गेल्या गुरुवारपासून. ग्रीसचे हात लावू नकोस गं, माझी एकच प्रत आहे.”

त्याला प्रतीची पडली होती! वुकोसावाने ग्रीसचा डबा बाजूला ठेवला नाही, आपटला. मग उठून बसली आणि पुन्हा एकदा फोटो बघितला. कुणी म्हणेल, आकाश काय सगळ्यांचंच असतं, कृत्तिकांचे फोटो तर हजारो जण काढतात, हा आपलाच कशावरून? तर यावरून, की प्रत्येक मोठ्या ताऱ्यातून सहा किरणं फुटली होती. चार नाही, सहा.

आरशाच्या दुर्बिणीत नळीच्या तोंडाशी एक छोटा आरसा अधांतरी धरावा लागतो. त्याला धरायला पातळ पट्ट्या लागतात, आणि ताऱ्याचा प्रकाश त्या पट्ट्यांवरून येताना त्यांची खूण घेऊन येतो. एकेक पट्टी दोन्ही बाजूंना एकेक किरण सोडते. विकतच्या दुर्बिणीत चार पट्ट्या फुलीसारख्या असतात, समोरासमोरच्या पट्ट्यांची किरणं एकमेकांवर बसतात आणि फोटोत ताऱ्याला चार किरणं दिसतात. पट्ट्या तीन असल्या तर कुणी कुणावर बसत नाही, सहाच्या सहा दिसतात. व्रेलो गावच्या क्लबात अकरा सभासद, नऊ दुर्बिणी. तीन पट्ट्यांची दुर्बीण एकच, वुकोसावाची.

तीन का, तर ओब्रादच्या करवतीतून तेवढ्याच निघाल्या. ओब्राद म्हणजे तिचा नवरा. तो सुतार, ताऱ्यांशी त्याचं देणंघेणं एवढंच, की बायको अंगणात गारठून आजारी पडू नये. तो गेला त्या वर्षी तिने त्याची जुनी करवत कापली. चौथी पट्टी कापायला गेली तर पातं गंजलेलं निघालं. दुकानातून नवं पातं आणता आलं असतं, पण तिला ते आणायचं नव्हतं. आरसा तर तिने त्याआधीच घासून ठेवला होता. गावातल्या चष्म्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं तिने काचा घासल्या, कारखाना बंद पडला तेव्हा हातातलं कसब घेऊन घरी आली आणि दोन हिवाळे तेलाच्या रिकाम्या पिंपाभोवती गोल फिरत तो आरसा घासला. एक हात पुढे, एक मागे, एक पाऊल बाजूला. अख्ख्या जिल्ह्यात एवढा मोठा आरसा हाताने घासलेला दुसरा माणूस नाही. आहे का कुणी? असला तर त्याने पुढे यावं.

कृत्तिकांवर तिने तेवीस रात्री घातल्या. उणे चौदात, दोन स्वेटर आणि ओब्रादचा मेंढीच्या कातड्याचा कोट चढवून. पाच-पाच मिनिटांचे फोटो, क्लबच्या भाषेत तुकडे, शेकडो. एकेका तुकड्यात काही दिसत नाही, नुसता रवाळ काळोख. असे शेकडो तुकडे संगणकावर एकावर एक बसवले की मग तो निळा पदर वर येतो.

आता इथे क्लबचा एक रिवाज सांगायला हवा, कारण सगळी गोम तिथेच आहे. ज्याने जे तुकडे टिपले ते त्याने रविवारी क्लबच्या संगणकात आणून टाकायचे. कुणाकडे चांगलं आकाश असतं, कुणाकडे चांगली दुर्बीण, कुणाकडे तुकडे जोडायची अक्कल आणि सवड. सगळ्यांनी सगळं एकाच भांड्यात टाकायचं आणि जे शिजेल ते क्लबचं. वीस वर्षं हे चाललं होतं आणि एकदाही भांडण झालं नव्हतं. चांगला रिवाज होता. चांगले रिवाज मोडायला एकच माणूस पुरतो.

वुकोसावा तशीच उठली, केरोसीनने हात पुसले आणि गावात डॉक्टरच्या दवाखान्यात गेली.

डॉ. तिहोमिर हा क्लबचा अध्यक्ष आणि गावातला दातांचा डॉक्टर. माणूस वाईट नव्हता, हे तिने नंतर रागाच्या भरातही कबूल केलं. उत्साही, देखणा, बोलायला गोड. स्वतःची दुर्बीण जर्मनीहून मागवलेली, लखलखीत पांढरी. शाळेच्या पोरांना तारे दाखवताना त्याच्या तोंडाला फेस यायचा, पण थकायचा नाही.

“वुका! ये ये. बरी आलीस,” तो म्हणाला. “बस खुर्चीत.”

“मी दातासाठी नाही आले.”

“आली आहेस ना, मग ती दाढ बघून घेतो. गेल्या वेळी अर्धवट सोडून पळालीस. बस.”

आणि ती बसली! याचा तिला पुढे कितीतरी दिवस स्वतःचाच संताप येत होता. डॉक्टरने बस म्हटलं की आपण बसतो, आ कर म्हटलं की आ करतो. एका मिनिटात तिच्या तोंडात कापसाचे दोन बोळे, लाळ ओढणारी नळी आणि एक आरसा होता. मग डॉक्टरने स्वतःहूनच विषय काढला.

“मासिक पाहिलंस ना? मला वाटलंच, तू येशील. हे बघ वुका, तुकडे तुझे होते, कोण नाही म्हणतंय? पण तुकडे म्हणजे पीठ. पिठाला कुणी पाव म्हणतं का? मी पाच आठवडे बसलो होतो त्याच्यावर. बायको म्हणाली, पलंग तिथेच नेऊन टाक. तो निळा रंग असा आपोआप येत नाही. जरा मोठा आ कर.”

“आँ...”

“तुझं म्हणणं कळलं मला. नाव घालायला हवं होतं. पण त्या अर्जात एकाच नावाला जागा होती आणि एकाच दुर्बिणीला. मी काय करणार? माझी लिहिली. हाताला सवय असते. दुखतंय?”

“आँ! आँ हाँ...”

“आणि शेवटी नाव कुणाचं, यापेक्षा गावाचं नाव झालं हे महत्त्वाचं नाही का? उद्घाटनाला आता दोनशे लोक येतील, या फोटोमुळे येतील. तो मोठा करून वेधशाळेच्या भिंतीवर लावतोय मी. तुझ्याच भिंतीवर की नाही? आता दोन तास काही खाऊ नकोस.”

वुकोसावा रस्त्यावर आली तेव्हा निम्मा जबडा बधिर होता आणि तोंडातून एक शब्द धड निघत नव्हता. बेकरीवालीने विचारलं, काय झालं, तर हिला “त्याने” एवढंही म्हणता येईना. भांडायला गेलेली बाई दाढ भरून परत आली. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती ओकायला तोंडच नव्हतं.

रविवारी क्लबची बैठक खानावळीच्या मागच्या खोलीत भरली. डॉक्टर नव्हता, उद्घाटनाची निमंत्रणं द्यायला जिल्ह्याच्या गावी गेला होता. म्हणजे बोलायला रान मोकळं. वुकोसावाने मासिक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “मोजा.”

कुणी मोजलं नाही. मोजायची गरजच नव्हती. सगळ्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. आकाशातला एक बारका ठिपका इकडचा तिकडे झाला तर रात्रभर त्यावर काथ्याकूट करणारी ही माणसं, ताऱ्याची सहा किरणं यांच्या नजरेतून सुटतील? मूग गिळून बसले होते सगळे.

“मावशी, तुझं शंभर टक्के बरोबर आहे,” वीजमंडळातला दायमन म्हणाला. “पण आत्ताच नको. जरा दम धर.”

“कशासाठी दम धरू? मी काय बाळंत होणार आहे?”

“जमिनीसाठी,” मिलुतिन म्हणाला. “टेकडी नगरपालिकेची आहे, वुका. आपण बांधलंय ते सगळं तोंडी शब्दावर. तीस वर्षांच्या कराराचा कागद नगराध्यक्ष उद्घाटनाच्या दिवशी सही करून देणार आहे. आणि नगराध्यक्ष डॉक्टरचा मेहुणा आहे. तू आत्ता बोभाटा केलास, डॉक्टर दुखावला, आणि मेहुण्याने पेन खिशात ठेवलं तर? आठ वर्षांचं काम आहे.”

“हे डॉक्टर म्हणाला?”

“म्हणाला असं नाही. म्हणाला, की वातावरण बिघडू देऊ नका. सही व्हायचीय.”

आता हे वुकोसावाला सांगायचं! आठ वर्षांचं काम कोणी कोणाला सांगावं? दुर्बिणीच्या खांबासाठी दीड मीटर खड्डा खणला तेव्हा त्यात उतरली होती ती. तो खांब जमिनीच्या पोटातून वेगळा वर येतो, फरशीला कुठेही चिकटत नाही, म्हणजे आत कुणी चाललं तरी दुर्बीण हलत नाही. खांब आणि फरशी यांच्यामधली ती बोटभर फट राखायला काँक्रीट ओतताना ती चार तास गुडघ्यावर बसून होती. सरकतं छप्पर रुळांवर ढकलायची कल्पना डॉक्टरची असेल, पण त्याची चाकं जुन्या मालगाडीची, ती भंगारातून शोधून आणली कुणी? डॉक्टर यायचा, फोटो काढायचा, रकियाची दारू पाजायचा आणि जायचा. त्याच्या हाताला जपायला लागायचं ना, दात काढायचे असतात.

आणि एवढं करून तिला मिळालं काय होतं? छप्पर चढलं त्या दिवसाची गोष्ट. त्यांच्याकडे घराचं छप्पर उभं राहिलं की आढ्यावर नवे सदरे टांगायची पद्धत आहे, बांधणाऱ्या प्रत्येक हाताला एक सदरा. वाऱ्याने ते फुगतात आणि खालच्या गावाला दिसतं, किती जणांनी हे घर बांधलं. वेधशाळेच्या आढ्यावर सात सदरे फडफडत होते. आठवा एक टॉवेल होता, चेरीच्या नक्षीचा, स्वयंपाकघरात अडकवतात तसला. “वुका, हा तुला,” डॉक्टर हसत म्हणाला होता, “आणि घेवडा तेवढा तूच कर हं, तुझ्या हाताला चव आहे.” तेव्हापासून टेकडीवर काही असलं की घेवड्याचा हंडा तिच्याकडे. त्या दिवशी तीही हसली होती. म्हातारा गवंडी स्तोयादिन, ज्याने भिंती रचल्या, तोच एकटा हसला नव्हता. तो म्हणाला होता, “सूनबाई, माझ्या बरोबरीने विटा वाहिल्यास. हे बरं नाही झालं.” ओब्राद त्याच्या शेजारचा, म्हणून ती त्याची कायमची सूनबाई.

खानावळीत तिला तो टॉवेल आठवला.

“बरं,” ती म्हणाली. “गप्प बसते. वेधशाळा माझी पण आहे.”

सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले. दायमनने तर तिच्यासाठी कॉफीही मागवली. इतक्या स्वस्तात सुटल्याचा आनंद लपवायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही. ती कॉफी तिने घेतली नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दुपारी उद्घाटन होतं. ऊन छान पडलं होतं, खाली व्रेलोची कौलं आणि चष्म्यांच्या बंद कारखान्याची चिमणी स्वच्छ दिसत होती. दोनशे नाही, पण सव्वाशे लोक चढून आले. वुकोसावा पहाटेपासून बाहेर हंड्याशी होती. चाळीस लिटरचा हंडा, धुरावलेल्या बरगड्या, कांदा, लाल तिखट. घेवडा तिने डॉक्टरच्या नावाने नाही, स्तोयादिनच्या नावाने शिजवला, कारण त्याला आवडतो.

आत सगळे दाटीवाटीने उभे होते. मधोमध खांबावर डॉक्टरची पांढरी दुर्बीण, त्याने क्लबला भेट दिलेली, तिच्यावर पितळी पाटीसकट. भिंतीवर दोन मीटर रुंद कृत्तिका, खाली सोनेरी अक्षरांत डॉक्टरचं नाव. नगराध्यक्ष ग्वोझ्देन लालबुंद चेहऱ्याने पहिल्या रांगेत होता. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राची बातमीदार यागोदा वही-पेन काढून सगळं लिहून घेत होती. डॉक्टर बोलत होता, छान बोलत होता. एका स्वप्नाबद्दल, एका माणसाच्या जिद्दीबद्दल. कोणता माणूस ते सांगायची गरज नव्हती.

वुकोसावा हातात पळी घेऊन दाराशी उभी राहिली. गप्प बसायचा शब्द तिने दिला होता आणि तो मोडायचा नव्हता. पण प्रश्न विचारू नये, असं काही ठरलं नव्हतं.

“डॉक्टर,” ती मोठ्याने म्हणाली, “लोकांना ते किरणांचं सांगा ना. ताऱ्यांना किरणं का असतात?”

मिलुतिनचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरचा मात्र उजळला. हा त्याचा आवडता धडा होता. शाळेची पोरं आली, की चंद्र दाखवायच्या आधी तो हा धडा सांगायचा. या असल्या माणसांचं हेच तर आहे, दुर्बिणीबद्दल कुणी विचारलं की यांना राहवत नाही. रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

“वा वुका, छान प्रश्न!” तो म्हणाला. “इकडे या मंडळी, नळीत बघा. या पट्ट्या दिसतात? मोजा माझ्याबरोबर. एक, दोन, तीन, चार. फुलीसारख्या. तारा आपला प्रकाश पाठवतो, तो या पट्ट्यांवरून वाकतो आणि प्रत्येक पट्टीचं किरण फोटोत उमटतं. जशा पट्ट्या, तशी किरणं. ताऱ्याला खोटं बोलता येत नाही! कुणाचाही फोटो दाखवा, मी सांगतो कुठल्या दुर्बिणीतून काढला. आता या फोटोत बघा, हा सर्वांत तेजस्वी तारा...”

त्याने छडी उचलली, भिंतीकडे वळला, आणि छडी ताऱ्यावर टेकवून तसाच राहिला.

आता तो लाजेल, वुकोसावाला वाटलं. आता मान खाली घालून म्हणेल, अरे हो, ही वुकाच्या दुर्बिणीतली आहेत, सांगायचं राहून गेलं. एवढं म्हणाला असता तर तिने सगळं माफ केलं असतं, दाढ, टॉवेल, सोनेरी अक्षरं, सगळं. त्याच्यासाठी दार उघडूनच ती तिथे उभी होती.

“सहा,” मागून स्तोयादिन म्हणाला. त्याने आयुष्यभर विटा मोजल्या होत्या. “पट्ट्या चार, डॉक्टर. किरणं सहा.”

“सहा. बरोबर,” डॉक्टर म्हणाला. त्याने घसा साफ केला. “कधीकधी चार पट्ट्यांची सहा होतात. ते... ते हवेवर अवलंबून असतं.”

वुकोसावाला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. मग तिने क्लबच्या माणसांकडे पाहिलं. दायमन बुटाकडे बघत होता. मिलुतिन, तीस वर्षं पोरांना प्रकाश शिकवलेला मिलुतिन, खिडकीकडे बघत होता, आणि त्या भिंतीत खिडकी नव्हती. आणि यागोदा लिहीत होती. वहीत खाली मान घालून लिहीत होती : हवेवर अवलंबून.

फोटो चोरला होता तेव्हा तिला राग आला होता. हे मात्र तिला सहन होईना. नाव तिचं एकटीचं होतं, पण प्रकाश कसा वाकतो ते सगळ्यांचं होतं. त्यासाठी ते खड्ड्यात उतरले होते, त्यासाठी ही भिंत, हे छप्पर. आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच धड्यात, या छपराखाली ताऱ्याबद्दल खोटं बोलून झालं.

“पोरी, खोड ते,” ती यागोदाला म्हणाली.

“काय?”

“हवेवर अवलंबून. खोडून टाक. हवेने तारा थरथरतो, पुसट होतो. त्याला किरणं फुटत नाहीत. चार पट्ट्यांची चारच किरणं. आज चार, उद्या चार, जगबुडीपर्यंत चार. सहा हवी असतील तर पट्ट्या तीन लागतात. आणि तीन पट्ट्यांची दुर्बीण या गावात एकच आहे, ती माझ्या अंगणात उभी आहे. ज्याला बघायची त्याने चला माझ्याबरोबर, आत्ता.”

“वुका,” डॉक्टर हळूच म्हणाला, “हे सगळं क्लबचं आहे ना.”

“क्लबचं म्हणून लावलं असतंत तर मी आज हंडा ढवळत बसले असते, डॉक्टर. वाचा ना खाली काय लिहिलंय. सोन्याने लिहिलंय, लांबून दिसतं.”

नगराध्यक्षाने खाकरून दोन्ही हात वर केले. “अहो बाई, चार काय नि सहा काय! तारे छान आहेत की नाही? भांडता कशाला सणासुदीच्या दिवशी?”

तेवढ्यात मिलुतिन पुढे धावला. घाम पुसत म्हणाला, “नगराध्यक्षसाहेब, आमच्या घरातलंच भांडण आहे हो हे. तुम्ही मनावर घेऊ नका. कागदावर तेवढी सही...”

“कुठल्या कागदावर?”

“जमिनीच्या. कराराच्या.”

“तो?” नगराध्यक्ष म्हणाला. “तो तर मी सही करून केव्हाच दिला. इलियाच्या सणाच्या आधीच. दोन महिने झाले की! तिहोमिरच्या ड्रॉवरमध्ये असेल. काय रे तिहोमिर, यांना दिला नाहीस?”

आता सगळे डॉक्टरकडे बघत होते. क्लबची माणसंसुद्धा, आणि बुटाकडे बघून बघून त्यांच्या माना आखडल्या असाव्यात, कारण त्या सावकाश वर येत होत्या. इतके आठवडे गिळलेले मूग कशासाठी गिळले होते ते त्यांना तिथे, सव्वाशे लोकांसमोर कळत होतं. वुकोसावाला मिलुतिनची कीव आली नाही. यायला हवी होती कदाचित, पण आली नाही.

डॉक्टर छडी हातात धरून उभा होता. आ वासलेला, खुर्चीतल्या पेशंटसारखा.

बाहेरून जळल्याचा वास आला. वुकोसावा गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेली, त्याच्या हातातली छडी काढून घेतली आणि तिथे पळी ठेवली.

“घेवडा खाली लागतोय, डॉक्टर,” ती म्हणाली. “जा, ढवळा.”

आणि तो गेला. बस म्हटल्यावर ती बसली होती ना, तसाच. लोकांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. कुणी हसलं नाही.

यागोदाने ओळ खोडली होती, दोनदा, आडवी. आता पेन तसंच धरून ती विचारत होती, “मग फोटोखाली नाव कुणाचं लिहू?”

वुकोसावाने मिलुतिनकडे पाहिलं, दायमनकडे पाहिलं. दोघांपैकी कुणीतरी ते सांगावं म्हणून ती जरा थांबली. मागून स्तोयादिनच बोलणार होता, पण तिने हात वर करून त्याला थांबवलं. ते यांनीच सांगायला हवं होतं.

“वुकोसावा,” शेवटी मिलुतिन म्हणाला. आवाज शाळेत बोलायचा तसा लावायला गेला, पण निघाला बारीकच. “लिहा. कृत्तिका, वुकोसावा. जोडकाम डॉ. तिहोमिर.”

“आणि दुर्बिणीच्या जागी?”

“तीन पट्ट्यांची,” वुकोसावा म्हणाली. “ओब्रादच्या करवतीच्या.”

यागोदाने तेही लिहून घेतलं. बाहेर हंड्याच्या बुडाशी पळी खरवडल्याचा आवाज येत होता, आणि घेवडा तरीही जळलाच.